माझ्या अंगावरचा चुकीचा बाण

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. विंझर गावाच्या अलीकडे एका लहानशा शाळेत कुंडलिक मास्तरांनी मला १९३७ साली मांजरपाटावर रंगवलं. खाली मासा, त्यावर बेडूक, मग सरडा, पुढे माकड आणि सगळ्यात वर फेटेवाला माणूस. प्राणी लाखो वर्षांत हळूहळू बदलत गेले, हे मुलांना कळावं म्हणून मास्तरांनी माकडापासून माणसापर्यंत ठसठशीत तांबडा बाण काढला होता. मुलं माझ्यावरून नजर हटवत नसत. त्या कौतुकानं मी अगदी फुगून गेलो होतो.

एके सकाळी गावात कीर्तन करणारे कोंडिबाबुवा शाळेत आले आणि तो बाण पाहून संतापले.

"देवानं जे जसं घडवलं ते तसंच ऱ्हातं. आमचा आजा माकड व्हता व्हय, मास्तर?"

त्यांनी येत्या सोमवारी सगळ्या गावाला शाळेच्या ओसरीवर बोलावलं. गावानं होकार दिला की मला जाळायचं आणि मास्तरांविरुद्ध भोर संस्थानाच्या दरबारी अर्ज धाडायचा, असं ठरलं. अर्ज गेला की मास्तरांची नोकरी गेलीच. ते चार दिवस मी जीव मुठीत धरून भिंतीवर लटकत होतो.

सोमवारी ओसरी भरली. मला उतरवून बुवांच्या पुढ्यात टाकलं. काडेपेटी त्यांच्या हातातच होती. तेवढ्यात धनगरवाड्यावरच्या सारजाबाई उठल्या.

"बुवा, तुमी म्हनता काईच बदलत न्हाई. माज्या सासऱ्याच्या वक्ताला आमच्या मेंढरांची लोकर लई इरळ व्हती. आमी दर साली दाट लोकरीचा एडका तेवढा कळपात ठिवला, बाकीचे इकले. आता येऊन बगा."

बुवा हट्टी होते, पण खोटे नव्हते.

"मेंढरं बदलत्यात, मानलं," ते म्हणाले. "पन माकडाचा मानूस झाला, तर रानात माकडं अजून कशी?"

मास्तरांनी वाकून माझ्या तांबड्या बाणावर बोट ठेवलं.

"बुवा, बाण माझा चुकलाय," ते म्हणाले. "आजची माकडं आपले बापजादे नाहीत. ती आपली भावकी. मूळपुरुष एक, पण केव्हाच वेगळ्या झालेल्या दोन वाड्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी मुलांना चुकीचं शिकवत होतो.

बुवांनी काडेपेटी खिशात टाकली. "भावकी बी मला पटत न्हाई. पन चूक कबूल करनाऱ्या मास्तरावर अर्ज कसला करायचा?"

मास्तरांनी बाण रंगानं झाकला आणि एका बुंध्याला दोन फांद्या काढल्या. पुढे बुवा दर महिन्याला येत आणि माझ्यासमोर उभे राहून मास्तरांशी वाद घालत. आधी जमिनीत सापडलेल्या प्राण्यांच्या जुन्या हाडांवर शंका घेत. ती फिटल्यावर विचारू लागले, "शरीर बदललं आसंल, पन मन कुठनं आलं?" तो वाद मात्र कधी संपत नसे.

आठ वर्षांनी भोरहून आलेल्या एका पाहुण्यानं माणूस आणि माकड एकाच बुंध्यावर पाहिले आणि चिडून मला फाडायला हात घातला. म्हातारे बुवा काठी टेकत मध्ये उभे राहिले.

"हात लावू नका. ह्याच्याशी माजं भांडान हाय, आन् ते अजून मिटलं न्हाई."

मित्रांनो, न पटणारं काही दिसलं तर ते जाळू नका, त्याला प्रश्न विचारा. माझ्यावरची चूक माझं कौतुक करणाऱ्या एकालाही दिसली नाही. ती मला जाळायला आलेल्या माणसानं दाखवली.