झुंबरबाईची मूठ

मित्रांनो, मला लसणाचं भांडं म्हणाल तर याद राखा! मी चाडं आहे. जुनं झालेलं, कडेला चिरलेलं, पण चाडं. निजामाच्या राजवटीत, घनसावंगीजवळच्या एका गावात धर्मराज सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून कोरलं आणि तळाला तीन भोकं पाडली. पेरणीच्या तिफणीला वेळूचे तीन पोकळ नळे असतात, त्यांच्या तोंडावर माझी जागा. तिफणीमागून चालणारी बाई मुठीत बी घेते, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलवत दाणे माझ्यात सोडते आणि ते तीन वाटांनी मातीत जातात. याला मूठ धरणं म्हणतात. मूठ चुकली तर तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, एका जागी दाण्यांचा गठ्ठा पडतो आणि पुढं हातभर जमीन कोरी राहते. आठ दिवसांनी पीक उगवलं की ते सगळ्या गावाला दिसतं.

आमच्या घरात कडूबा बैल हाकायचा आणि त्याची बायको झुंबरबाई मूठ धरायची. काय मूठ होती, सांगू! तिची सासू गोजरबाई बांधावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची आणि म्हणायची, "बघा, माझ्या सुनंनं तासं कशी सुतात धरल्यात." ते ऐकून मीसुद्धा फुगायचो.

मग निजामी कारभारातलं फसली तेराशे पंचेचाळीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस-छत्तीस, उजाडलं. माघ महिन्यात कडूबाचा चुलतभाऊ पुंजाराम याच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना झुंबरबाईचं उजव्या हाताचं बोट सापडलं. तेच, अंगठ्याशेजारचं. अंबडच्या दवाखान्यात बोटाचं वरचं पेर काढावं लागलं. फार वाईट झालं, पण तो अपघात होता. अपघातावर काय रागवायचं? जखम दीड महिन्यात भरूनही आली. माझा राग आहे तो त्यानंतर जे झालं त्यावर.

गोजरबाईनं सुनेच्या हातातलं एकूण एक काम काढून घेतलं. दळण नको, पाणी नको, भाकरी थापणं नको. बोटावर चिंधीवर चिंधी. "तू बस गं बाई, मी हाय ना," हे दिवसातून वीस वेळा. माया होती हो, नाही म्हणत नाही. पण काय जाळायचीय असली माया? हात वापरला नाही, तर शेजारची धडधाकट बोटंसुद्धा ताठली. मूठ वळेना. झुंबरबाई डाव्या हातानं जेवायला लागली आणि उजवा हात पदराखाली लपवायला लागली. घरात कुणी नसलं तरी लपवायची! मला बघवत नव्हतं. आणि कडूबा? तो बैलांना वैरण टाकायचा आणि गप्प बसायचा. अरे बाबा, तोंड दिलंय ना देवानं?

पाणवठ्यावर बायका बोलायला लागल्या, तुटल्या बोटाची मूठ बियाला लागली की अपशकुन होतो. गोजरबाईनं ते ऐकलं आणि खरं मानलं. मिरगाच्या पेरणीला पुंजाराम आपलं स्वतःचं चाडं घेऊन आला. माझ्या तिन्ही भोकांत चिंध्या कोंबल्या, आत लसूण भरला आणि मला चुलीमागं सारलं. मला, ज्यानं या घराला इतकी वर्षं पेरून दिलं! पुंजारामनं पेरलेली बाजरी उगवली ती टक्कल पडल्यासारखी. गोजरबाई काय म्हणाली माहीत आहे? "बियाणंच खराब व्हतं." बिचारं बियाणं!

आषाढात अंबडहून मच्छिंद्र कंपाउंडर गावात देवी टोचायला आला. पाणी प्यायला आमच्या दारी थांबला आणि झुंबरबाईच्या बोटावरची चिंधी बघून भडकलाच.

"जखम भरून किती महिने झाले, अन् अजून चिंधी? हात काय शोभेला ठिवलाय? आधी कापसाला शिवा, मंग पिठाला, मंग दाण्याला. रोज मूठ वळवा. दुखंल, पर बराबर वळंल."

वा रे पठ्ठ्या! मला हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी झुंबरबाईनं माझ्यातला लसूण सुपात ओतला, भोकांतल्या चिंध्या उपसल्या आणि मला दोन विटांवर टेकवलं. पंधरा दिवस कापूस आणि पीठ झालं, मग तिनं मुठीत जोंधळे घेतले. थोट्या पेराला दाणा लागला आणि "आई गं!" म्हणून तिनं हात झटकला. अंगणभर जोंधळे. तिनं ते वेचले. वेचतानाही डोळ्यांत पाणी होतं, पण डाव्या हातानं नाही, उजव्यानंच वेचले.

गोजरबाई धावत आली. "काय करून राह्यलीस? हात दुखंल ना!"

"दुखू द्या, आत्याबाई. दुखतोय म्हंजी हात अजून जित्ता हाय."

माझ्या खाली दाण्यांचे तीन ढीग पडायचे, एक मोठा, दोन लहान. महिनाभर तसंच. तोकडं बोट अंगठ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग तिनं दाणे सोडायचं काम मधल्या बोटाला शिकवलं आणि तोकड्याला नुसतं बाजूनं आड धरायला लावलं. भादवा सरता सरता तीन ढीग जवळपास सारखे पडायला लागले.

शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, पेरायचा दिवस आला. पुंजाराम आपलं चाडं घेऊन दारात हजर. झुंबरबाई मला घेऊन पुढं आली.

"भाऊजी, तुम्ही जावा. पेरणी मी करणार."

"अगं, लोक काय म्हणतील? तुटल्या बोटानं..." गोजरबाई मध्ये पडली.

"आत्याबाई, पेर गेलं माझं. मूठ न्हाई गेली."

"अन् उगवलं न्हाई तर?"

"तर परत कधी चाड्याला हात लावणार न्हाई."

इतकं मोठं बोलायची काय गरज होती? पण तेवढ्यात कडूबानं मला उचललं आणि तिफणीला आवळून बांधलं. बोलला काही नाही. असू दे, या खेपेला चाललं.

दिवसभर ती चालली. दुपारी एकदा तिनं मूठ आखडली आणि हातभर वाट माझी भोकं रिकामी गेली.

आठ दिवसांनी शाळू वर आला. गोजरबाई एकेका तासातून कंबरेत वाकून चालत गेली. तासं सरळ होती, सुतात. मधोमध मात्र हातभर जागा कोरी होती. झुंबरबाईचा चेहरा उतरला.

"इथं ठणक लागल्ती, आत्याबाई," ती हळूच म्हणाली.

गोजरबाई तिथंच मातीत बसली. कनवटीतून मूठभर जोंधळे काढले. मला वाटलं, आता ही स्वतःच ते दाणे मातीत टोचून मोकळी होणार आणि म्हणणार, तू बस गं बाई. पण तिनं सुनेचा उजवा हात पदराखालून ओढून काढला, दाणे त्या हातात दिले आणि म्हणाली, "घे. तुझी जागा हाय, तूच भर."

मित्रांनो, दुखऱ्या हाताला जरूर जपा. पण जपायच्या नावाखाली त्याचं काम हिसकावू नका. आणि तो हात ज्याचा आहे, त्याला आधी विचारा.