बोळक्याचा दुसरा रिमोट

मी बोळक्या बोलतोय. नावावरून एखादे आजोबा डोळ्यांसमोर आले असतील, तर त्यांना जरा बाजूला बसवा. मी यंत्रमानव आहे, आणि तोही लढणारा. मानव आपला नावालाच. बुटांच्या खोक्याएवढा चपटा देह, दोन चाकं आणि पुढे जमिनीलगत काढलेली पोलादी जीभ. ती समोरच्याच्या पोटाखाली सारायची आणि त्याला उताणा पाडायचा, एवढा एकच डाव मला येतो.

माझा जन्म दोन बहिणींच्या जेवणाच्या टेबलावर झाला. थोरली, म्हणजे ताई, कवळ्या बनवते. धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवते. भाजी चिरायच्या जाड प्लॅस्टिकच्या बोर्डातून धाकटीनं माझं अंग कापलं आणि जुन्या ड्रिलच्या मोटरी चाकांना जोडल्या. जीभ ताईनं घासली, इतकी पातळ की जमिनीवर पडलेल्या कागदाखालीही शिरावी. "गावाला दात वाटतेस आणि घरचं पोर मात्र बोळकं," असं धाकटी म्हणाली, आणि ते नाव मला कायमचं चिकटलं.

मला दोन रिमोट होते. चाकं धाकटीकडे, जीभ ताईकडे. धाकटी मला पळवत न्यायची आणि जीभ नेमकी जागी पोचली की म्हणायची, "उचल, ताई." ताईचा अंगठा बटणावर तयारच असायचा. धाकटीच्या अंगात हे मुरलेलंच होतं म्हणा. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून ती क्लच दाब, ब्रेक लाव असं सांगत असते. सांगायचं तिनं, दाबायचं दुसऱ्यानं.

हरलो की दोघी घरी येईपर्यंत भांडायच्या. तू उशिरा सांगितलंस, तू उशिरा उचललंस. मग भांडतभांडतच एक माझे स्क्रू सोडवायची आणि दुसरी ते वाटीत गोळा करायची. मला ते भांडण फार आवडायचं.

पुढे ताईला दूरच्या शहरात चांगली नोकरी लागली. सुट्टी मिळाली की येतेच, असं सांगून ती गेली. सुरुवातीला आलीही. मग नुसते फोन येऊ लागले, आणि तेही हळूहळू आखडत गेले. मला फडक्यात गुंडाळून फ्रिजवर ठेवलं होतं. फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला. धाकटी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवू लागली. टेबलावर एकटीनं काय बसायचं, असं तिला वाटत असावं. मला तर फार एकटं वाटायचं.

मग पुढच्या स्पर्धेची तारीख लागली. धाकटीनं ताईला फोन लावला. येणार का, हे तिनं सरळ विचारलंच नाही. बोळक्याचं काय करू, एवढंच विचारलं.

"माझा रिमोट काढून टाक गं," ताई म्हणाली. "सगळं तुझ्या एकटीच्या हातात घे. माझ्यावर अवलंबून राहू नकोस."

धाकटी पटकन बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं पेचकस हातात घेतला आणि तसाच परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं पोट उघडलं. ताईच्या रिमोटचा हुकूम ऐकणारा तुकडा काढला आणि जिभेची वायर स्वतःच्या तुकड्याला जोडली. आमच्या गटात दीड किलोच्या वर एक ग्रॅमही चालत नाही, म्हणून तुकडा काढून वाचलेल्या वजनात तिनं धडका सोसायला चाकांभोवती एक जाड पट्टी बसवली. टेबलावर तिनं मला पळवलं आणि अंगठ्यानं जीभ उचलून पाहिली. सगळं झकास चाललं. खरं सांगायचं तर मी पूर्वीपेक्षा मजबूत झालो होतो. तरी एक कान गेल्यासारखं वाटत राहिलं.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. भोवती पारदर्शक भिंती, समोर गरगरणाऱ्या पात्याचा एक आडदांड. त्यानं दोनदा धडक दिली, पण नवी पट्टी टिकली. धाकटीनं मला असं काही वळवलं की जीभ थेट त्याच्या पोटाखाली गेली. आता फक्त उचलायचं होतं.

"उचल, ताई," धाकटी म्हणाली.

आणि ती थांबली. बटण तिच्याच अंगठ्याखाली होतं, पण अंगठा हलला नाही. ती वाट पाहत राहिली, आणि जिभेवर त्याचं सगळं वजन घेऊन मीही. तेवढ्यात तो मागे सरकला, फिरला आणि माझं डावं चाक उडवून गेला. मी जागच्या जागी भिंगरीसारखा फिरत राहिलो. पंचांनी दहा आकडे मोजले आणि खेळ संपला.

मला उचलून देताना पंचांनी विचारलं, "जोडीदार कुठंय तुमची?"

"आज नाही आली," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. काय झालं, तिनं विचारलं. धाकटीनं सांगितलं, "हरलो. बॅटरी उतरली."

नंतर तिनं मला पुन्हा उघडलं. मला वाटलं, चाक बसवणार. चाक बसवलंच, पण ताईचा तुकडाही जागच्या जागी परत बसवला. वजन वाढलं, तेव्हा माझ्या पाठीला भोकं पाडून ते उतरवलं. जिभेची वायर पुन्हा ताईच्या रिमोटकडे गेली. एकटीनं लढण्यासाठी केलेली सगळी मेहनत तिनं स्वतःच मोडली.

आता मी परत फ्रिजवर असतो, दोन्ही रिमोट शेजारी. रविवारी धाकटी मला टेबलावर घेते आणि ताईचं बटण दाबून बघते. जीभ रिकामीच वर जाते आणि खाली येते. चालतंय, असं पुटपुटून ती फडकं घालते.

ताई, मला फोन करता येत नाही, म्हणून इथंच सांगतो. त्या दिवशी बॅटरी भरलेली होती. माझी पाठ आता चाळणीसारखी झाली आहे, एखादी जोराची धडक बसली तर मोडेल. तरी चालेल. तू एकदा ये, आणि धाकटी उचल म्हणाली की तेवढं बटण दाब.