चढणीवर राहिलेला चिरा

मित्रांनो, मी चिरा. जांभ्याचा, लाल, अंगभर भोकं असलेला आणि एका कोपऱ्याने फुटका. तुमच्या शाळेच्या भिंतीत माझे भाऊबंद गुपचूप बसलेले असतील. मला भिंत लाभली नाही, आणि जे लाभलं ते सांगायची लाज वाटते. तरी सांगतो, कारण माझ्याबद्दल कागदावर एक अक्षरही नाही.

लांज्याजवळच्या खाणीत मला काढलं तेव्हा टिकाव तिरका पडला आणि माझा कोपरा उडाला. गवंड्याने मला बाजूला टाकलं. पण ट्रकवाला भागोजी म्हणाला, "घराला नको तर चाकाला चालंल." त्याच्या ट्रकचा हातब्रेक कधीचाच गेला होता. चढणीवर थांबायचं झालं की गाडी गिअरमध्ये टाकून तो उडी मारायचा आणि मला मागच्या चाकाखाली सारायचा. सात वर्षं मी तो ट्रक अडवून धरला. "ह्यो चिरा म्हणजे माझा ब्रेक," असं तो टपरीवर सांगायचा आणि मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

पण गोम अशी, की चढणीवर भरलेली गाडी एकदा पुढे निघाली की मध्ये थांबवता येत नाही. दगड रस्त्यातच राहतो. भागोजी वर सपाटीला ट्रक लावून मागे चालत यायचा आणि मला घेऊन जायचा. बाकीचे ट्रकवाले तेवढेही कष्ट घेत नसत. कोकणात चिऱ्यांना काय तोटा? एक राहिला तर दुसरा. १९८४ च्या डिसेंबरात एका दुपारी भागोजीला माल उतरवायची घाई होती. तोही तसाच निघून गेला. मी त्याची वाट बघत राहिलो.

सांज झाली. काजूच्या कारखान्यातला मुकादम हरिश्चंद्र जुन्या मोटारसायकलवरून घरी चालला होता. हा इतका सावकाश चालवायचा, की गाववाले चिडवायचे, "हरिश्चंद्रा, पुढं बैल जोड." तो चढण चढत वळणावर आला आणि त्याचं चाक माझ्यावर चढलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, आणि सरकताही येत नाही. तो पडला. त्याचं डोकं रस्त्याच्या कठड्यावर आपटलं आणि तो पुन्हा उठला नाही.

शेजारच्या आंब्याच्या बागेचा राखणदार महिपत धावत आला. त्याने हरिश्चंद्राच्या नाकाशी हात धरून पाहिला. मग मला उचलून गटारात लोटलं. आणखी कोणी पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्याच्या चांगुलपणामुळे खरं कारणच रस्त्यावरून नाहीसं झालं.

सकाळी हवालदार आला तर रस्ता मोकळा. त्याने पंचनाम्यात लिहिलं, 'भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत.' लगेच गावात कुजबुज सुरू झाली, प्यायला असेल. ज्या माणसाने कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती, त्याच्याबद्दल हे बोलणं.

बाराव्या-तेराव्याचे दिवस होऊन गेल्यावर त्याची बायको सगुणा त्या चढणीवर आली. मोटारसायकलच्या वाकड्या चाकाला लागलेली लाल भुकटी तिने पाहिली होती. गटार धुंडाळताना तिला मी सापडलो. माझ्या अंगावर टायरचा काळा पट्टा होता. महिपत जवळ येऊन मान खाली घालून म्हणाला, "वयनी, तो मीच ढकलला. असा व्हईल ता मला काय ठाऊक?"

"मग माझ्यासंगती चल आणि तसा सांग."

मला डोक्यावर घेऊन ती चौकीत गेली, महिपत मागोमाग. त्याने घडलं तसं सांगितलं. भिंतीवर सरत्या वर्षाचा तक्ता टांगला होता. अपघात सत्तेचाळीस. भरधाव वेग एकोणतीस, दारू नऊ, मोकाट गुरे पाच, इतर चार.

"ह्या एकोणतिसात माझा माणूस नको," सगुणा म्हणाली. "चढणीवर ती खटारा गाडी भरधाव जाईल कशी?"

हवालदार म्हणाला, "बाई, तक्ता वर गेलाय. आता बदलत नाही. दगड ठेवून जा, बघतो."

मी पुरावा म्हणून बाहेर पडून राहिलो. चौकीची जीप उतारावर लागायची. आठवडाभरात मी तिच्याच चाकाखाली गेलो. पावसाळ्यात माझा काळा पट्टा धुऊन निघाला. सगुणा दर सोमवारी यायची आणि "बघतो" ऐकून परत जायची.

एका सोमवारी ती पोचली तेव्हा जीप घाईने निघाली आणि मी रस्त्याच्या मधोमध राहिलो. समोरून एसटी येत होती. सगुणाने हात दाखवून ती थांबवली आणि मला उचललं. हवालदार जीप थांबवून मागे बघत होता.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "आता कोण मेला असता, तर त्याला कुठल्या रकान्यात घातला असतात?"

तो जीप घेऊन निघून गेला. तक्ता काही बदलला नाही. सगुणाने मला घरी आणलं. आता मी तिच्या अंगणात असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी ट्रक चालवत असेल तर त्याला एवढं सांगा, की वर गाडी लाव, मागे चालत ये आणि दगड उचल. जेमतेम पन्नास पावलं असतात. भागोजी तेवढी चालला असता, तर त्या सांजेला हरिश्चंद्र घरी जेवायला असता.