उजव्या हाताची मूठ

सुमनबाई सरपंच होऊन वर्ष उलटलं होतं, तरी पंचायत समितीच्या एकाही बैठकीत त्या बोलल्या नव्हत्या. नवरा दत्तराव त्यांना मोटारसायकलवर परभणीला न्यायचे, शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि गावाबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर तेच द्यायचे. आज दुपारी अंगणवाडीच्या खोलीचा विषय होता. गावातली लेकरं देवळाच्या ओट्यावर बसून शिकत होती. या बैठकीला एकटीनं जायचं आणि विषय आपणच मांडायचा, असं सुमनबाईंनी ठरवलं होतं.

अडचण गाडीची होती. लायसन निघालं होतं, रानातल्या रस्त्यावर सरावही झाला होता. पण सुमनबाईंच्या हातात आली की गाडी चढावर बंद पडायची. दत्तराव चारचौघांत सांगायचे, "आमची गाडी दुसऱ्याचा हात मानत न्हाई." अलीकडे सुमनबाईंनाही ते खरं वाटू लागलं होतं.

तरी सकाळी त्यांनी दत्तरावांना गाडी पिंगळीला सिद्धोधनच्या गॅरेजवर घ्यायला लावली. सिद्धोधननं उजवी, अॅक्सिलरेटरची मूठ पिळली. रबर फिरलं, इंजिनचा आवाज मात्र वाढला नाही.

"दत्तराव, ही मूठ कुणी बसवली?"

"म्या सोता. घरीच."

"अन् चढवली कशानं?"

"खोबरेल लावलं. सर्रकन गेली की!"

"गेली तशीच सर्रकन फिरायलीय. नुसतं रबर फिरतंय, आतला पाइप जाग्यावरच. तुमचा पंजा दांडगा, तुमी आवळून धरताव म्हणून भागतंय. वहिनीनं काय करावं?"

बाकावर चहा पीत बसलेला एक जण म्हणाला, "डोस्क्याचं तेल गाडीला लावलं व्हय, दत्तराव?"

दत्तरावांनी हसून घेतलं. सुमनबाई हसल्या नाहीत. "म्हंजी चूक माझ्या हाताची नव्हती," त्या म्हणाल्या.

"गाडीला काय कळतंय वहिनी, हात कुणाचा ते."

सिद्धोधननं ब्लेडनं जुनं रबर उभं चिरून काढलं. पाइपावरचा तेलकट थर पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडा केला.

"जाड मूठ घाल," दत्तराव म्हणाले. "पातळ मला धरवत न्हाई."

सुमनबाईंनी नव्या मुठींचे जाड आणि पातळ असे दोन्ही जोड हातात धरून पाहिले आणि पातळ जोड पुढं केला. "ही बसवा."

सिद्धोधननं दत्तरावांकडे पाहिलं. मग पातळ मुठीला आतून पेट्रोलचा हात फिरवून ती चढवली आणि डावीही बदलली. "वाळू द्या जरा, पेट्रोल तेलावानी राहत न्हाई. मंग दोन माणसांनी वढली तरी निघायची न्हाई."

मूठ वाळल्यावर सुमनबाई फाट्याचा चढ चढून परत आल्या. गाडी कुठंच अडखळली नाही. दत्तराव सवयीनं मागं बसायला गेले.

"तुमी कुटं?"

"बैठकीला."

"बैठक सरपंचाची हाय."

बाकावरचा माणूस चहा तसाच धरून बघत राहिला. दत्तरावांनी उचललेला पाय खाली टेकवला. "जागेचा उतारा घेतलास का?"

"पिशवीत हाय."

"आदी जागेचं बोल, मंग..."

"ठावं हाय मला," सुमनबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

गाडी गेल्यामुळे दत्तराव गॅरेजवरच अडकले. दुपार कलली तसा शेजारच्या गावचे सरपंच व्यंकटराव यांचा फोन आला. सिद्धोधनला ऐकू जावं म्हणून दत्तरावांनी स्पीकर लावला.

"अवो, तुमच्या मंडळी लय बोलल्या आज! सायबांनी मधीच विषय गुंडाळायला घेतला, तर म्हणल्या, आधी लेकरं कुटं बसवायची ते सांगा. उतारा टेबलावर ठेवला. सायब सोमवारी जागा बघायला येणार हायत."

दत्तरावांनी आवाज आणखी वाढवला. "काय म्हणलाव? परत सांगा."

व्यंकटरावांनी परत सांगितलं. मग विचारलं, "सोमवारी तुमी घरी भेटताव ना? सायबाला कुटं आणू?"

"मला कामून इचारताव?" दत्तराव म्हणाले. "आमच्या सरपंचांना फोन लावा. नंबर देतो, लिवून घ्या."