चिंचेनं घासलेली चिल्लर

आमच्या घरात चिल्लरीला जेवढा मान आहे तेवढा मला मिळाला असता, तर मी आज दहा वर्षांनी तरुण दिसले असते. सरकारनं दोन हजार अकरा साली चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी बंद केली. लोकांनी ती देवाच्या पेटीत टाकली, पोरांना खेळायला दिली. आमच्या ह्यांनी मात्र तेव्हापासून ती गोळा करायला घेतली. विश्वेश त्यांचं नाव. पाटबंधारे खात्यातून रीतसर निवृत्त झाले, पण ह्या उद्योगातून निवृत्त व्हायचं काही नाव नाही.

चौकोनी पाच पैसे, सहा कोनांचे तीन पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे, गेंड्याचे चार आणे. प्रत्येकाला प्लास्टिकचा वेगळा खण. रामकुंडावर फुलांचे द्रोण विकणाऱ्या भागीबाई नदीच्या गाळात सापडलेली नाणी ह्यांच्यासाठी डब्यात जपून ठेवतात. "भाऊ, लय काळी हायेत, पन जुनी हायेत," असं म्हणून देतात. नाणं घरात आलं की नियम एकच, कुणी बोट लावायचं नाही. आमची सून इरा लग्न होऊन आली तेव्हा ह्यांनी तिला आधी हा नियम सांगितला आणि मग देवघर दाखवलं.

यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. मंडळ दहा वर्षं ह्यांच्या मागे लागलं होतं आणि दहा वर्षं ह्यांचं ऐनवेळी काहीतरी निघायचं. कधी पाठ धरायची, कधी पाहुणे यायचे. यंदा पहिल्यांदाच हो म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं. माणसानं एवढं जमवावं आणि कुणाला दाखवू नये, ह्याचा मला रागच यायचा.

धनत्रयोदशीला सकाळी ते ओळखीच्या सुताराकडून लाकडी चौकट आणायला निफाडला गेले. चौकटीत मांडायची म्हणून नाणी खणांतून काढून स्टीलच्या ताटात ठेवली होती, आणि ताट देवघराशेजारच्या स्टुलावर.

आता माझं माहेर सायखेड्याचं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाआधी घरातलं झाडून सगळं नाणं चिंच-मीठ लावून घासायचं आणि ताटात घालून देवापाशी ठेवायचं. आई आमच्या फ्रॉकच्या खिशातले दहा पैसेसुद्धा सोडत नसे. मी ते ताट पाहिलं आणि मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं आपली लक्ष्मी आपणहून पूजेला काढली! मी पदर खोचला आणि चिंच भिजत घातली.

दोन तास घासत होते. काळ्या नाण्यांवर तर पितांबरीचा हातही फिरवला. जुन्या धोतरावर सगळी वाळत घातली, फोटो काढला आणि कौतुकानं इराला पाठवला.

तिचा लगेच फोन. "आई, नाणी धुतलीत?"

"धुतली म्हणजे काय, लखलखीत केली."

"अहो आई, जुनं नाणं धुवायचं नसतं! त्यावरचा काळपटपणा गेला की जाणकार ते हातात धरत नाहीत. बाबांनीच सांगितलंय मला."

मला इतकी वर्षं वाटायचं, बोट लावू नका हा ह्यांचा नुसता सोवळेपणा आहे. रविवार आठ दिवसांवर आला होता. माणूस आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर मिरवणार होता, आणि मी त्याची चौदा वर्षं मोरीत ओतली होती. मला रडू फुटलं. मग स्वतःचाच संताप आला. जेवणही गेलं नाही.

ते चार वाजता चौकट काखोटीला मारून आले. मी आधीच सांगून टाकलं. "अहो, मी तुमची सगळी नाणी घासली. चिंचेनं. काय बोलायचं ते बोला."

ते धोतरापाशी खाली बसले. "सगळी?"

"सगळी."

एक नाणं उचललं, खिडकीकडे धरून पाहिलं, दुसरं उचललं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन पाहते तर हे हसत होते! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"मोहिनी," ते म्हणाले, "दोन हजार बारा साली तू बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होतीस ना, तेव्हा भागीबाईंची तोवरची सगळी नाणी मी न्हाणीघरात बसून पितांबरीनं घासली. नंतर पुस्तकात वाचलं, धुवायचं नसतं. तेव्हापासून मंडळात छातीठोकपणे सांगतोय की माझ्या नाण्यांना पाणीसुद्धा लागलेलं नाही."

"म्हणून दर वर्षी पाठ धरायची?"

"मग काय! अर्धी चकचकीत, अर्धी काळी. शेजारीशेजारी मांडली की आंधळ्यालाही कळलं असतं. यंदा हो म्हणालो खरा, पण झोप उडाली होती माझी. आता तूच सगळी एकसारखी करून टाकलीस!"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. दुपारभर मी उपाशी रडतेय आणि मुख्य आरोपी निफाडला! मग आम्ही दोघांनी मिळून साडेचारला पिठलं-भात खाल्ला. पिठलं खारट झालं होतं, पण दोघांनी दोनदा वाढून घेतलं.

रविवारी चौकट सभागृहात लागली. मंडळाचे वेणीमाधवराव हे नाण्यांतले मोठे जाणकार. त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहत गेले. मागे वीसेक माणसं उभी होती. मी घरूनच ठरवून गेले होते, सगळं माझ्या अंगावर घ्यायचं. बाईमाणसानं दिवाळीत घासली म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. ह्यांची अब्रू शाबूत राहील, आणि मला काय, मंडळात थोडंच जायचंय.

वेणीमाधवरावांनी भिंग खाली घेतलं. "विश्वेशराव, ही धुतलेली आहेत. कुणी धुतली?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे म्हणाले, "मी." मान वर होती. "बारा साली धुतली. तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलत आलो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. बायकोच्या नावावर खपवायची आयती सोय शेजारी उभी होती, आणि ह्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की गप्प राहणं होईना.

"अर्धी मी," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.