भाकरीला न लागलेला एक्या

सावळा धनगराच्या काळी नावाच्या कुत्रीला मेंढरं मोजता यायची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं याहून अवघड गोष्टी आहेत. एकदा नांद्याच्या शिवारात दोन कळप मिसळले आणि सावळानं घाईत दुसऱ्याचं मेंढरू हाकून आणलं. काळी त्या मेंढराच्या मागं लागली, तिनं ते ज्याचं त्याला पोचतं केलं आणि येताना आपलं राहिलेलं घेऊन आली. मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहणारे आणखी दोघं होते, पण ते आता हयात नाहीत, त्यामुळं तुम्हाला माझ्यावरच भागवावं लागेल.

ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली वर मुळशीकडं धरणाची भिंत उठत होती. सगळा मुलूख तिकडं बघत होता आणि आम्ही नांद्याच्या माळावरचे चार लोक काळीच्या पोटाकडं बघत होतो.

तेव्हा आमच्याकडं कुत्र्याचं पिल्लू कुणी विकत घेत नसे. कुत्री गाभण दिसली की ज्याला पिल्लू हवं त्यानं तिला घरची भाकरी आपल्या हातानं घालायची. धन्यानं घालू दिली की शब्द झाला. मग पिल्लू भाकरीला लागलं, म्हणजे दूध सोडून स्वतः भाकरी खायला लागलं, की घरी न्यायचं. त्याआधी हात लावायचा नाही.

काळी दर वेळी सहा-सात पिल्लं टाकायची. म्हणून सावळानं तिघांना भाकरी घालू दिली. पहिली घातली कुशाबानं. त्याच्या भुईमुगात रानडुकरं शिरायची. दुसरी गोजराबाईची. तिच्या कोंबड्या मुंगूस न्यायचं, आणि एकटी बाई मुंगसाच्या मागं किती पळणार? तिसरी माझी. मला कुत्र्याची गरज काहीच नव्हती, पण दुसऱ्यांना मिळतंय म्हटल्यावर आपल्याला नको असं कोण म्हणेल? भाकरी अर्धीच होती आणि शिळी होती, हेही आता सांगायला हरकत नाही.

यातलं एक पिल्लू सावळाच्या घरात राहणार हे धरूनच चाललं होतं. काळीचे दात झिजले होते. ही तिची शेवटची वीण. दिवाळी झाली की सावळाची मेंढरं घाट उतरून कोकणात जायची, आणि मागल्या साली त्याच घाटात वाघरानं चार कोकरं उचलली होती. सावळाची बायको तुकाबाई हिनं साफ सांगितलं होतं, "नवं कुत्रं सोबत असंल तरच मी घाट उतरीन. न्हाईतर तुमी जावा एकलेच."

आषाढात काळी व्यायला बसली. सकाळपासून कळा देत होती, पण दुपार झाली तरी काही येईना. आम्ही तिघं भाकरीवाले छपराखाली ओळीनं बसलेलो. तुकाबाईनं करडईचं तेल कोमट करून बोटांना लावलं आणि काळीचं डोकं सावळाच्या मांडीवर दिलं.

"धरा तिला. चावली तरी सोडायचं न्हाई."

"चावती व्हय ती मला?" असं सावळा म्हणाला आणि काळीनं त्याच्या मनगटाचा घास घेतला. पण एकदाचं पिल्लू आलं. केवढं! मोठ्या तांब्याएवढं. मी नंतर चार गावांत रांजणाएवढं म्हणून सांगितलं, तो भाग सोडा. आलं ते निपचित. तुकाबाईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, घोंगडीच्या तुकड्यात घेऊन ते खसाखसा चोळलं, डोकं खाली धरून हिसडलं, पुन्हा चोळलं. मग पिल्लानं गुळणी टाकल्यासारखा आवाज केला आणि असं काही ओरडलं की छपरावरचा कावळा उडाला.

"पयलं माजं," कुशाबा म्हणाला.

"दुसरं माजं," गोजराबाई.

मी तिसऱ्याची वाट बघत बसलो. दिवस कलायला आला. काळी उठली, टोपभर पिठाचा घाटा प्याली, पिल्लाला चाटून ढाराढूर झोपली. तुकाबाईनं तिचं पोट चाचपून बघितलं.

"उठा आता. दुकान बंद झालं."

"म्हंजी?"

"म्हंजी एकच व्हतं."

मग जी वकिली झाली, तशी पुण्याच्या कोर्टात होत नसेल. कुशाबा म्हणाला, पहिली भाकरी त्याची. गोजराबाई म्हणाली, "तुजी भाकरी वकली व्हती तिनं! मी उभी व्हते तितं. पोटात राह्यली ती माजी." मी म्हणालो, माझ्या भाकरीला तूप होतं. सावळा डोकं धरून बसला. त्याचा जन्मच खरं बोलण्यात गेलेला. अशा माणसाबरोबर गोष्टी सांगायला बसणं म्हणजे शिक्षा असते.

"मी तिगांनाबी शब्द दिलाय," तो म्हणाला. "पिल्लू भाकरीला लागलं की बसून ठरवू. आमच्या घरात ऱ्हाणार न्हाई, येवढं खरं."

तुकाबाई नुसती नवऱ्याकडं बघत राहिली. सावळानं ते बघणं चुकवलं.

पिल्लाचं नाव एक्या पडलं. आता एकटं पिल्लू वाढवणं सोपं असेल असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. आठ थानं आणि तोंड एक. काळीची चार थानं दोन दिवसांत दगडासारखी झाली. तुकाबाई गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायची, हातानं दूध काढून टाकायची, एक्याला या थानावरून उचलून त्या थानाला लावायची. सावळाच्या घरी कुत्रीच्या दुधाचं दही लावतात, ही बातमी मी हिंजवडीपर्यंत पोचवली होती. पण तुकाबाईच्या कष्टांत खोटं काही नव्हतं.

एक्या तर प्यायचा आणि झोपायचा. हिसकायला कुणी नाही, ढकलायला कुणी नाही. महिन्याचा झाला तेव्हा शेपूट लावलेला भोपळा दिसत होता. पाय बेडकासारखे बाजूला फाकलेले, उभं राहता येईना. सारवलेल्या भुईवर पोटानं सरकायचा. गोजराबाई बघून म्हणाली, "तुके, हे कुत्रं हाय का घोरपड?"

तुकाबाईनं लोकरीचा मऊ दोरा वळून त्याच्या मागच्या दोन पायांना सैल बांधला, म्हणजे ते फाकणार नाहीत. सारवलेल्या जागेवरून उचलून त्याला खरबरीत घोंगडीवर ठेवला, म्हणजे पायांना पकड मिळेल. काळीला ती चार हात लांब बसवायची, म्हणजे दुधासाठी त्याला चालत जावं लागेल. आठ दिवस एक्या शिव्या दिल्यासारखा ओरडला. नवव्या दिवशी चालला. दहाव्या दिवशी तुकाबाईच्या लुगड्याला लोंबकळला. खेळता खेळता चावा किती जोरात बसतो हे भावंडं शिकवतात, आणि याला भावंडं नव्हती. तिघांच्या पोटऱ्या आणि माझा एक जोडा असा हिशेब झाल्यावर तुकाबाईनं त्याला कोकरांत सोडला.

तिथं त्याला खरे मास्तर भेटले. कोकराला दात लावला की कोकराची आई टक्कर द्यायची आणि एक्या तीन कोलांट्या खायचा. पंधरा दिवसांत तो असा हळू तोंड लावायला शिकला की अंडं दिलं तर फुटलं नसतं. दोन कोकरं आणि एक्या एकाच घोंगडीवर झोपू लागले. तो भुंकायच्या आधी बें करायला शिकला असं मी म्हणतो. सावळा म्हणतो, नाही. तुम्ही कुणावर विश्वास ठेवायचा तो ठेवा.

आता एक्या भाकरीला लागायला हवा होता. आम्ही दर बाजारच्या दिवशी चौकशीला जायचो.

"लागला का भाकरीला?"

"अजून न्हाई," तुकाबाई म्हणायची. "दुधावरच हाय लेकरू."

श्रावण गेला. भादवा गेला. लेकरू वासराएवढं झालं. अजून दुधावरच. कधी नाचणीची आंबील, कधी हुलग्याचं माडगं, भाकरी मात्र नाही. एकदा मी न सांगता गेलो, तर एक्या पातेल्यात तोंड घालून मचमच करत होता.

"वहिनी, ह्यो काय खातुया?"

"काला."

"कशाचा काला?"

"दुधाचा."

"आन् दुधात काय कुस्करलंय?"

तुकाबाईनं पातेल्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "भिकूभाऊजी, तुमच्या घरी काम न्हाई का?"

मी ते कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात मी न सांगितलेल्या गोष्टी दोन, त्यांतली ही एक. सावळाला मात्र सगळं दिसत होतं आणि त्याचं अन्न गोड लागत नव्हतं. तो बायकोला म्हणायचा, "आगं, लोकं काय म्हंतील? शब्द हाय." ती म्हणायची, "शब्द तुमी दिला. घाटात कोकरं मोजायला मी असते."

दिवाळी सरली. उद्या मेंढरं घाटाकडं निघणार, अशा सकाळी कुशाबा आला. बरोबर आम्ही दोघं. कुशाबानं धोतराच्या सोग्यात ताजी भाकरी बांधून आणली होती, वर कढवलेलं तूप चोपडलेली. वास माळभर सुटला. त्या हंगामात डुकरांनी त्याचा निम्मा भुईमूग उकरला होता, त्यामुळं तो काही थट्टेनं आला नव्हता.

"तुकाबाई, लई झालं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरं घालतो. खाल्ली तर न्हेतो."

तुकाबाईनं एका कोकराचा कान धरून ठेवला होता, तो नुसता चोळत राहिली. सावळा म्हणाला, "घाल."

कुशाबानं भाकरी एक्यापुढं टाकली. एक्यानं वास घेतला. तुकाबाईकडं बघितलं. मग दोन पायांत भाकरी धरून कडेचा मोठा लचका तोडला आणि चावून गिळला. अगदी सावकाश, पाटलाच्या पंगतीला बसल्यासारखा. कुणाशी झोंबून खायची सवयच नव्हती त्याला.

कुशाबानं दावं हातात घेतलं.

तेवढ्यात ती दोन्ही कोकरं वासानं आली. एक डावीकडून, एक उजवीकडून, सरळ एक्याच्या पुढच्या दोन पायांमधल्या भाकरीला लागली. एवढं तूप लावलेली भाकरी हातातून गेली, तर मी सख्ख्या भावाला चावलो असतो. एक्या गुरगुरलासुद्धा नाही. त्यानं हनुवटी जमिनीवर टेकली आणि दोघं खातायत ते बघत पडून राहिला. मधेच लांबून एक परकं कुत्रं आलं, तेव्हा मात्र उठला. तोंडातून आवाज असा काढला की परकं कुत्रं थेट कासारसाईच्या रस्त्याला लागलं. मग परत येऊन जागेवर पडला. कोकरांचं चालूच होतं.

कुशाबा बराच वेळ दावं हातात धरून उभा होता. शेतकरी माणूस. कोणतं जनावर कुठल्या कामाचं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"गोजरे," तो म्हणाला, "ह्या कुत्र्यानं भाकरी खाल्ली का?"

गोजराबाईनं पदर डोळ्याला लावला. "माज्या डोळ्यात चुलीचा धूर गेलाय बाबा सकाळधरनं. मला कायबी दिसत न्हाई."

"भिकू, तू?"

"मी कोकरांनी खाल्लेली बघितली," मी म्हणालो. आणि हे, लक्षात घ्या, जवळजवळ खरं होतं.

"म्हंजी अजून लागला न्हाई म्हनायचा."

"खाल्ली की!" सावळा ओरडला. "आरं माज्या समोर खाल्ली! ह्यो येवढा लचका..."

"गप बसा वो तुमी," तुकाबाई म्हणाली.

"सावळ्या, तुला वयामुळं बरुबर दिसत न्हाई," कुशाबा म्हणाला आणि दावं खांद्यावर टाकून चालायला लागला. चार पावलं गेल्यावर थांबला, मागं न बघता म्हणाला, "कोकणातनं आल्यावर बघू. तवर लागला तर लागला."

दुसऱ्या दिवशी मेंढरं निघाली. पुढं सावळा, मधे तुकाबाई, तिच्या पाठीवरच्या झोळीत म्हातारी काळी, आणि सगळ्यांच्या मागं एक्या. त्याच्या दोन्ही बाजूंना ती दोन कोकरं चालली होती.

एक्या पुढं नऊ वर्षं जगला. दर दिवाळीला आम्ही विचारायचो आणि तुकाबाई सांगायची, अजून न्हाई. सावळा तेवढा वेळ घराबाहेर जाऊन उभा राहायचा.