दवाखान्याची मुकी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. घंटा आपलं म्हणायचं! गॅसचा रिकामा सिलिंडर मधोमध कापला आणि पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या आमच्या दवाखान्याच्या ओसरीत मला टांगलं. दंगा झाला की दगडानं बडवायची. पहिल्याच वर्षी दोन दारुडे बाळंतिणींच्या खोलीत शिरले. मी ठणाणले, तशा मळ्यातल्या बायका कुदळी घेऊन धावल्या. काय कौतुक झालं माझं! डुकराची चरबी चोळून मला लखलखीत केलं.

मग सिस्टर मायो मुख्य झाल्या. "घंटा कशाला लागते गं? खरी नर्स नुसतं बोलून माणूस शांत करते," म्हणायच्या. माझ्यावर धुतलेले हातमोजे वाळू लागले. रुग्णांच्या नातेवाइकांनी नर्स लेंडाच्या दोनदा थोबाडीत मारली, तरी सिस्टरांचं एकच, "दुःखात असतात बिचारे. सोसायचं." लेंडाही तसंच मानू लागली. मार खाऊन वर स्वतःलाच बोल लावायची. असा संताप यायचा मला!

एका दुपारी केपा नावाच्या गावकऱ्याचा भाऊ आमच्याकडे तापानं गेला. फार उशिरा आणला होता. केपा कोयता घेऊनच आला. "तुम्हीच मारलंत त्याला!" खिडक्या फुटल्या, खाटा उलटल्या. लेंडानं मला बडवायला दगड उचलला. मार गं, मार! पण तिनं सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि हात पसरून पुढे झाल्या.

"केपा, बाळा, बस जरा..."

त्यानं पोटात लाथ घातली. त्या कोसळल्या. त्यांच्यावर कोयता उगारलेला पाहून लेंडा दगड टाकून मध्ये पडली. तिची दोन बोटं तुटून ओसरीवर पडली. ती किंचाळत औषधांच्या खोलीत शिरली, आणि केपा त्या दारावर घाव घालू लागला. फळ्या फुटत होत्या. तेव्हा कुठे सिस्टर सरपटत आल्या, दगड घेतला आणि मला वेड्यासारखं बडवलं.

क्षणात बायका आल्या, केपाला खाली दाबलं. मित्रांनो, त्या कुंपणापलीकडेच रताळी खणत होत्या हो!

दुसऱ्या दिवशी सिस्टर नोंदवही घेऊन ओसरीत बसल्या. हाताला पट्टी बांधलेली लेंडा हळूच म्हणाली, "काचेनं कापलं असं लिहा ना. माणूस सांभाळता आला नाही, असं दिसेल नाहीतर."

सिस्टरांना रडू फुटलं. "गप गं," म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचत लिहू लागल्या, "लेंडा घंटा वाजवणार होती. मी अडवलं."

मित्रांनो, भीती वाटली की कुणाच्या तोंडाकडे पाहत बसू नका, मला बडवा. आणि उद्या कुणाचे मुख्य झालात, तर आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा, "घाबरलात तर माझ्या परवानगीला थांबू नका, घंटा बडवा."